रुमालाखालचं हॉटेल

बायकोनं मला नवरा म्हणून अजून काढलेलं नाही, फक्त पार्टनर म्हणून काढलंय.

गेम तसा साधा होता. टीव्हीवर एक हॉटेल, दोन आचारी. एकानं कापायचं, एकानं शिजवायचं आणि गिऱ्हाईक उठून जायच्या आत ताट द्यायचं. वाईच्या माझ्या सुरेखाताईनं आणि दाजींनी नववी लेव्हल पार केली होती (आणि लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता!). आम्ही आठवडाभर तिथंच अडकलेलो. रविवारी ती दोघं सांगलीला आमच्याकडं जेवायला येणार होती. उमानं पदर खोचला.

"त्यांच्यासमोर नववी पार करायचीच! न्हाई जमलं तर मी दुसरा पार्टनर बघणार."

लग्नाला अकरा वर्षं झाली, पण दोघांनी मिळून एकाच गोष्टीवर ओरडायची मजा पहिल्यांदाच येत होती. ती जागा मला मेलो तरी सोडायची नव्हती.

पण ओरडणंच नडलं. शनिवारी मी "उमे, काप! काप! आता जाळ!" असा ओरडलो आणि शेजारचे मुलाणीकाका अनवाणी धावत आले.

"वैनी, आधी सुरी खाली ठेवा!"

"आता बोलायचंच न्हाई," उमा म्हणाली.

तेव्हा मला अक्कल सुचली. मी हळदीचा अडत्या, शेतकऱ्याचा माल व्यापाऱ्याला विकून देणारा. माझ्या वडलांनी, आबांनी, जन्मभर रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवले आणि मलाही तसंच तयार केलं. म्हटलं, सोफ्यावर दोघांच्या मधी रुमाल टाकू! एक बोट म्हणजे काप, दोन म्हणजे शिजव, तीन म्हणजे ताट दे, चार म्हणजे आग विझव, पाच म्हणजे भांडी धू. एक हात रुमालात, दुसऱ्या हातानं रिमोट. शनिवारी रात्रीपर्यंत उमाची बोटं पण पक्की झाली.

रविवारी ताई, दाजी, आबा सगळे मागं बसले. सुरुवात तर झकास झाली! ताईचा चेहरा उतरायला लागला. तेवढ्यात कढईनं पेट घेतला. उमानं चार बोटं दाबली.

आता अडत्या हा शेतकऱ्याच्या बाजूचा. समोरच्या व्यापाऱ्यानं चार म्हटलं की हात आपोआप वर चढतो. मी पाच दाबली!

उमा चार. मी पाच. उमा चार, जरा जोरात. मला वाटलं, आता नरम पडतीय. मी पाचावर घट्ट बसलो. टीव्हीवर धूरच धूर, गिऱ्हाइकं उठून चाललेली. मागनं आबांना रुमालाची हालचाल बघून राहवेना.

"आरं, दे की चारला! गिऱ्हाईक चाललं!"

उमानं रुमाल भिरकावला. "आवं, हॉटेल जळून गेलं! घासाघीस कसली करताय?"

दाजी हसून हसून खुर्चीवरनं घसरले. उमानं माझ्या हातातला रिमोट काढून आबांना दिला. "मला काय कळतंय त्यातलं," असं म्हणत आबांनी चष्मा आधीच लावला होता! दुसऱ्या डावात सासऱ्या-सुनेनं नववी पार केली. ग्रुपवर फोटो पडला. खरं सांगतो, मला लय वाईट वाटलं. स्वतःच्या बापाचा एवढा हेवा मी कधी केला नव्हता.

आठ दिवसांनी मी गयावया केली. "उमे, मला परत कवा घेणार?"

"आबांना इचारा."

"बोटाला एक महिना," आबा म्हणाले आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल आपल्या आणि माझ्या हातावर टाकला. त्यांनी एकच बोट दाबलं. एकच महिना! म्हाताऱ्याला दया आली होती.

मी दोन दाबली.