गिटार गेली, दावं राहिलं

सुनील राठोडच्या घरी लाल गिटार आली तेव्हा अर्धा तांडा ती पाहायला आला होता. ती विकायला काढल्याचं कळलं तेव्हा उरलेला अर्धा आला. "अबे, डोकं ठिकाण्यावर हाय का तुह्यं?" असं प्रत्येकानं विचारलं, चहा प्याला आणि गेला. लोकांचंही काही चुकत नव्हतं म्हणा. लाल अंग, पांढरं पोट आणि वर दोन शिंगं. शाळेतल्या कोणत्याही पोराला विजेची गिटार काढ म्हटलं तर तो जी काढील तीच ही. ज्याला सारेगम म्हणता येत नाही त्यालाही ती ओळखता यायची. लग्नाच्या स्टेजवर नवरदेवाचे मित्र तिच्यासोबत फोटो काढायचे, आणि तेही सुनीलला जरा बाजूला सरकवून!

कळंबच्या रस्त्याला आत वळलं की सुनीलचा तांडा लागतो. दिवसा तो लोहाऱ्याच्या एका कारखान्यात मशीन चालवायचा आणि लग्नसराईत बबलूच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. माणूस मोठा चौकस. लहानपणी घरातला रेडिओ बंद पडला तर रडायच्या ऐवजी तो उघडून बसला होता. पंखा काहून घरघरतो, कोंबडी एका पायावर काहून उभी राहते, एका विहिरीचं पाणी गोड आणि शेजारचीचं मचूळ काहून, हे त्याला कळल्याशिवाय जेवण गोड लागायचं नाही. त्याची बायको उज्ज्वला म्हणायची, "ह्या माणसाले सरगात नेलं तं आंधी दरवाज्याचे बिजागरे पाहीन."

अशा माणसाला ही लाल गिटार काही केल्या उलगडत नव्हती.

त्याची पहिली गिटार लाकडी, जाड पोटाची, डब्ब्यासारखी होती. वसतिगृहातल्या एका मित्रानं गाव सोडताना देऊन टाकलेली. तिच्यावर तो आपल्या आपण शिकला. होळीला तांड्यात नगारा घुमायचा, बायामाणसं लेंगी गायची, ती लेंगीची चाल त्यानं आधी त्या डब्ब्यावर बसवली आणि मग सिनेमाची गाणी. त्याची आई सुखीबाई, त्याच्या बोलीत याडी, इतकी खूश झाली की जुन्या फेटियाची, म्हणजे आपल्या घागऱ्याची, काठपट्टी उसवून तिनं गिटारीला पट्टा शिवला. लाल-पिवळ्या दोऱ्याचं भरतकाम, मध्येमध्ये आरसे, कडेला कवड्या. एक टोक गिटारीच्या बुडाला, दुसरं पार डोक्यापाशी दोऱ्यानं बांधलेलं. पट्टा असा की नवरीच्या अंगावर शोभावा. सुनील स्टेजवर उभा राहिला की आरशांवर लाइट पडायचा आणि म्हाताऱ्या बाया त्याची दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडायच्या.

मग बबलूनं घोडं पुढं दामटलं. "भाऊ, डब्बा बंद कर आता. लोकायले लाल गिटार पाह्यजे. गाणं कोण ऐकते? पाहतेत सारे!" सुनीलनं लाल गिटार घेतली. तिला वरच्या शिंगाजवळ खुंटी होती, तिथं पट्ट्याचं टोक अडकवलं. गिटार खाली मांडीपर्यंत लोंबली. बबलू म्हणाला, "वा रे हीरो! अशीच राहू दे, आजकाल अशीच लटकवतेत." फोटोत ती खरंच झकास दिसायची.

आणि तिथून साडेसाती सुरू झाली. डब्ब्यावर झोपेतही चुकलं नसतं ते बोट लाल गिटारीवर उशिरा पोचायचं. तार दबायची नाही, फरफरायची. दोन गाण्यांत मनगट भरून यायचं. लोक टाळ्या वाजवायचे, कारण लोक पाहत होते. सुनील ऐकत होता, आणि त्याला आपली आपल्यालाच शरम वाटायची.

त्यानं काय नाही केलं? तारा बदलल्या. वायर बदलली. यवतमाळच्या कारागिराकडून मान तपासून घेतली. तो म्हणाला, काटेकोर आहे. शेजारच्या हंसाबाईनं मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. अख्ख्या घराला ठसका लागला, गिटारीला काही फरक पडला नाही. जो कोणी गिटारवाला भेटेल त्याच्या हातात सुनील ती द्यायचा. आधी आईचा पट्टा जपून काढायचा, कारण परक्याच्या घामानं भरतकाम खराब होईल. मग तो माणूस खुर्चीवर बसायचा, गिटार मांडीवर घ्यायचा, आणि ती लोण्यासारखी वाजायची. "मस्त चीज हाय भाऊ, इकू नको," असं वर सांगून जायचा. सुनील स्वतः कधी बसून वाजवत नसे. स्टेजवर उभं राहायचं तर घरीही उभंच राहावं, हा बबलूचा कायदा.

म्हणजे गिटार चांगली. तारा चांगल्या. मग खराब काय उरलं? माणूस. हे त्याच्या मनात इतकं रुतलं की तो ऑर्केस्ट्राच सोडायला निघाला. उज्ज्वलाला म्हणाला, "डब्ब्यावर वाजत होतं ते नशीब असन. खऱ्या गिटारीनं दाखून देलं का हात आपला नाही. इकतो हिले, अन् थो डब्बाही देऊन टाकतो कोणाले. बास झालं." उज्ज्वला एरवी त्या गिटारीला सवत म्हणायची, पण हे ऐकून तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. ज्याला कोंबडीच्या पायाचं कारण हवं असतं तो माणूस कारण न सापडता हात टेकतो, हे तिला बरं लक्षण वाटेना.

मोबाइलवर फोटो टाकला आणि दुसऱ्याच दिवशी यवतमाळहून फोन आला. भैरवी नावाची बाई, कॉलेजात शिकवणारी. वडिलांना घेऊन रविवारी येते म्हणाली. भाव फोनवरच ठरला.

हे कळल्यावर सुनीलचे वडील सेवादास ओसरीवरून उठून आत आले. म्हाताऱ्याच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलुख तुडवला होता, आणि त्यानं स्वतः उमेदीत पुसदच्या बाजारात बैलांचे सौदे केले होते. गिटारीतलं त्याला शष्प कळत नव्हतं. पण सौद्यातलं कळत होतं.

"पट्टा देऊन राह्यला का संगं?"

"नाही बा. याडीचा हाय तो."

"याडीचा असो का राजाचा. जनावर इकाव, दावं इकू नये. दाव्यासंगं गोठ्याची बरकत जाते. बाईले सांग, आपलं दावं आपण आणा म्हणा."

"बा, गिटार हाय ते. बैल नाही."

"शिंगं हायेत का नाही?" म्हाताऱ्यानं विचारलं. सुनीलनं फोन लावला.

रविवारी भैरवी आली, सोबत तिचे वडील चारुदत्तराव. कचेरीतून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्यांना हा दाव्याचा प्रकार फार नवलाचा वाटला होता. बसल्या बसल्या त्यांनी सेवादासला खोदून खोदून विचारलं. घोड्याचा लगाम देतात का? म्हशीची साखळी? गाडी विकली तर जू? सेवादास एकेकाचं उत्तर देत गेला आणि चारुदत्तराव दर उत्तराला "असं का! असं का!" करत राहिले. दोघांची अशी गट्टी जमली की गिटार बाजूलाच राहिली.

भैरवीनं मात्र लगेच मांडीवर घेऊन वाजवून पाहिली. पुन्हा तेच, लोणी. सुनील भिंतीला टेकून ऐकत होता आणि मनात म्हणत होता, पाह्य लेका, हिच्यात काही खोट नाही.

मग तिनं पर्समधून आपला पट्टा काढला. काळा, साधा, बाजारचा. ती ठेंगणी होती आणि पट्टा तिच्याच मापाचा, आखूड केलेला. तो अडकवून तिनं गिटार सुनीलपुढं धरली. "सुनीलभाऊ, तुम्ही उभं राहून वाजवा ना एकदा. लांबून आवाज कसा येतो ते ऐकायचंय मला."

सुनीलला नको होतं. परक्या माणसांपुढं शेवटची फजिती कशाला? पण गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणायचं! त्यानं तो पट्टा डोक्यावरून घातला. गिटार मांडीवर लोंबलीच नाही. ती थेट पोटाशी येऊन बसली, लेकराला कडेवर घ्यावं तशी.

त्यानं पहिला सूर धरला आणि बोट वेळेवर पोचलं. दुसरं पोचलं. तार फरफरली नाही. मनगटाकडं पाहिलं तर ते सरळ होतं. एरवी रांजणाच्या तळाशी पडलेला पेला काढायला हात घालावा तसं ते मुडपलेलं असायचं. त्याला स्वतःलाच खरं वाटेना. नकळत त्याच्या हातातून होळीची लेंगी निघाली, ती डब्ब्यावर बसवलेली पहिली चाल. आत चहा गाळणारी सुखीबाई गाळणी तशीच हातात धरून दारात आली आणि गुणगुणायला लागली. चारुदत्तरावांचं "असं का" सुद्धा बंद पडलं.

वाजवता वाजवता सुनीलची नजर बाजेवर गेली. तिथं आईचा पट्टा घडी करून ठेवलेला होता, आरसे वर करून. लांबच लांब. डब्ब्याच्या डोक्यापासून बुडापर्यंतच्या मापाचा. आणि ह्या गिटारीला तो बांधला कुठं? शिंगाला! मानेएवढा पट्टा फालतू उरला आणि गिटार खाली गेली. बस एवढंच! तारा नाही, वायर नाही, नजर नाही, आणि हातही नाही. हात शाबूत होता, आधीपासून शाबूत होता. त्याच्या छातीत असं काही उसळलं की मोठ्यानं ओरडावं, सापडलं रे, सापडलं!

"बापा बापा!" सुखीबाई म्हणाली. "आज तं लय गोड वाजली रे सुन्या. इतके दिवस काहून नाही वाजली अशी?"

सगळे त्याच्याकडं पाहायला लागले. भैरवीनं बाजेवरच्या पट्ट्याकडं पाहिलं, मग आपल्या पट्ट्याकडं. हुशार बाई, तिच्या लक्षात आलं. "सुनीलभाऊ, तो पट्टा जरा..."

"चहा घ्या ताई, गार होते," सुनील मध्येच बोलला.

तांड्यातल्या सगळ्यात चौकस माणसाला त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या कोड्याचं उत्तर सापडलं होतं, आणि ते ओठांवर आणायची सोय नव्हती. समोर आई उभी होती. तिनं आपला घागरा उसवून तो पट्टा शिवला होता. आरसा बसवताना कितीदा तरी सुई बोटात गेली असेल. तिला काय सांगायचं, की याडी, तुह्या पट्ट्यानंच माह्यी वाट लावली? आणि आता विकत नाही म्हणावं, तर त्याचंही कारण सांगावं लागलं असतं. शिवाय सेवादासच्या घरात दिलेला शब्द आजवर कोणी फिरवला नव्हता.

"बैलावाणी असन याडी," तो म्हणाला. "जाताना डौल दाखून राह्यली."

"हाव, खरं हाय," सेवादासनं मान डोलावली. "इकलेला बैल येशीपर्यंत असा चालते का मालकाले पस्तावा व्हावा."

सुनीलनं पट्टा डोक्यावरून काढला आणि गिटार भैरवीच्या हातात दिली. तिनं ती घेतली खरी, पण जाताना गाडीच्या दारात थांबली. हळूच म्हणाली, "तुम्हाला ठेवायची असेल तर ठेवा. मी दुसरी बघेन."

"घेऊन जा ताई," सुनील म्हणाला. "आता कायी झगडा नाही तिच्यासंगं." ज्या दिवशी ओळख पटली त्याच दिवशी ती चालली होती. चारुदत्तरावांनी सेवादासचा हात हातात घेऊन पुढच्या पोळ्याला यायचं कबूल केलं, आणि गाडी धुरळ्यात गेली.

तो परत आत आला तर सुखीबाईनं डब्बा गिटार खुंटीवरून उतरवली होती. पदरानं धूळ पुसली. पट्ट्याचं एक टोक बुडाला अडकवलं, दुसरं दोऱ्यानं डोक्यापाशी बांधलं. "उभा राह्य," म्हणाली. सुनील उभा राहिला. गिटार पोटाशी येऊन बसली, अगदी तिथंच, जिथं मघाशी लाल गिटार बसली होती.

"वाजव."

त्यानं वाजवली. तीच लेंगी, तितकीच गोड. देऊन टाकायची म्हणून ठरवलेला डब्बा आता कोणी मागितला असता तर त्यानं तो हातातून सोडला नसता. उज्ज्वला चुलीपाशी बसून हसत होती, खूप दिवसांनी.

सुखीबाई मागं सरली. तिनं आधी सुनीलच्या मनगटाकडं पाहिलं. मग पट्ट्याच्या वरच्या टोकापासून वीत वीत मोजत तिचा हात खाली आला, गिटारीच्या खांद्यापाशी थांबला, आणि तिथून डोक्याच्या दोऱ्यापर्यंत परत गेला. जन्मभर सुई धरलेला हात तो. सुनीलचा सूर चुकला.

"सुन्या," ती म्हणाली, "पुढची गिटार घेशीन तं आंधी ती घेऊन माह्यापुढं उभा राह्यजो. माप घेऊ दे मले."

सुनील काही बोलणार तेवढ्यात ती लोंबता दोरा दातानं तोडायला वाकली.