नवव्या दिवसाचं जेवण

कोणी जेवताना दिसलं की ती थांबायची. छातीवर हात ठेवून, मान जराशी झुकवून म्हणायची, "प्रोवेचो!" म्हणजे पोटभर जेवा, अंगी लागो. ओळखीचा असो की अनोळखी, तिला फरक नव्हता. एकदा बाजारात भाकर-ठेचा खात बसलेल्या एका म्हाताऱ्याला वाटलं, बाईला भूकच लागली. त्यानं अर्धी भाकर पुढं केली, "घ्या न बाई." ती खरंच खाली बसली आणि जेवली. ठेचा खाऊनही डोळ्यांत टिपूस नाही! "आमच्या इकडं हा लेकरायले देतात," म्हणाली. आमच्या तिखटाचा तोराच उतरला.

तुम्ही म्हणाल, मेक्सिकोची बाई अमडापुरात काय करत होती? मक्याच्या बियाण्याच्या कामावर दोन वर्षांसाठी आली होती. आमच्या पिठाच्या गिरणीसमोरच दोन खोल्या घेऊन राहायची. पन्नाशीची, ठेंगणी, पाठीवर दोन वेण्या. मराठी आमच्याच गल्लीत शिकली, त्यामुळं 'मले-तुले'च बोलायची. पुण्याहून आलेला एक साहेब ते ऐकून हसला, तेव्हा असा राग आला मला! म्हटलं, तू तिची भाषा शिकून दाखव आधी.

वेळेचं मात्र विचारू नका. "आओरिता" म्हणजे 'आत्ता येते', आणि हे आत्ता कधीकधी दुसऱ्या दिवशी उजाडायचं. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, त्या म्हणत, "इचं आओरिता म्हंजे लाईनमनचं 'आलोच'."

एकदा ती चुन्याच्या पाण्यात उकळलेला ओला मका दळायला घेऊन आली. मी सरळ नाही म्हटलं. ओलं धान्य गेलं की गिरणीचा दगड लिंपून जातो, मग दिवस वाया. रागावली नाही. आत्याबाईंचा जुना पाटा-वरवंटा मागून नेला आणि गुडघे टेकून वाटायला बसली. तिच्या आईकडेही असाच पाटा होता म्हणे, फक्त त्याला तीन पाय.

त्या आईचीच बातमी एका सकाळी आली. तिकडं पोचायला दोन दिवस लागणार, तोवर माती होऊन जाणार. ती गेली नाही. टेबलावर आईचा फोटो मांडला, मेणबत्ती लावली, रोज संध्याकाळी एकटीच प्रार्थना करायची. नऊ दिवस. आणि घरोघर जाऊन सांगून आली, "नवव्या दिवशी मायचा आत्मा घर सोडून जाते. तिले निरोप द्याले आलेलं कोनी उपाशी जाऊ नाही. तुमी जेवाले या."

सगळे "हाव, हाव" म्हणाले. तेरवी होईपर्यंत मयताच्या घरचं अन्न आमच्यात कोणी खात नाही, हे तिला एकानंही सांगितलं नाही. मीही नाही. आज लाज वाटते.

दोन दिवस ती त्या पाट्यावर मका वाटत होती. आत बटाटा आणि मिरचीची चटणी भरून, मक्याच्या पानांत गुंडाळून तिनं मोठं पातेलंभर तामालेस वाफवले. एरवी त्यात मांस घालतात, पण सगळ्या गल्लीला चालावं म्हणून घातलं नव्हतं.

संध्याकाळी माणसं आली. फोटोला हात जोडले, दोन मिनिटं टेकली आणि उठली. "पोट भरेल हाय बाई." "आज उपास हाय." ती प्रत्येकामागं दारापर्यंत जायची, "थोडंसं? बांधून देऊ?" पातेल्याची वाफ विरत चालली होती.

शेवटी ती माझ्याजवळ आली. "वहिनी, माह्यं काई चुकलं का?"

मी पातेल्यावर झाकण ठेवलं.

आत्याबाई समोर आमच्या ओट्यावर बसून सगळं पाहत होत्या. सोवळ्याच्या इतक्या कडक, की कोणाच्या मयतीचं नुसतं ऐकलं तरी न्हायच्या. त्या उठल्या, रस्ता ओलांडून आल्या आणि फोटोसमोर मांडी घालून बसल्या.

"वाढ वं."

मी हळूच म्हटलं, "आत्याबाई, तेरवी नाही झाली."

गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलल्या, "तेरवी आपली. तिची माय आज जाऊन राह्यली. तिले का चार दिवस रस्त्यात थांब म्हनू?"

एक खाल्ला, दुसरा मागितला. शेजारीण दारातूनच परत वळली आणि आत येऊन बसली. मग तिची जाऊ, मग मघाशी ज्यांचा उपास होता ते. पातेलं रिकामं झालं. ती वाढत होती, रडत होती आणि प्रत्येकाचा फोटो फोनमध्ये टिपत होती.

उन्हाळ्यात तिचं काम संपलं आणि ती गेली. समोरच्या खोल्यांत आता तलाठी राहतो, भला माणूस आहे.

यंदा आत्याबाई गेल्या. मी तिला फोनवर एवढंच कळवलं. नवव्या दिवशी आमच्या घरी सुतक होतं, आलेल्याला चहासुद्धा विचारला नव्हता. त्या दिवशी तिच्याकडून एक फोटो आला. कुठलं तरी अंगण, ओळीनं खुर्च्या, आम्ही जन्मात न पाहिलेली तीस-चाळीस माणसं हातात ताटल्या घेऊन जेवत होती. मधल्या टेबलावर मेणबत्ती आणि चौकटीत आमच्या आत्याबाई, जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, कपाळाला आठी, तोंडात घास.