परदेशी निघालेल्या गुरुजींचे प्रतिज्ञापत्र

ती घटना मी विसरलेलो नाही, कारण त्या दिवशी देशाची आणि वेदांची इज्जत एकदमच धोक्यात आली होती. निदान फोन करणारा तसे म्हणाला. नाव त्याने सांगितले नाही. काशीच्या दुर्गाघाटावरचा एक तरुण गुरुजी परदेशातल्या देवळात पुजारी म्हणून चालला आहे आणि वेदाध्ययनाचे खोटे प्रतिज्ञापत्र त्याने नोटरीकडून करून घेतले आहे, एवढीच खबर.

आमच्या पोलीस ठाण्यात मराठी येणारा अधिकारी मीच, म्हणून चौकशी माझ्याकडे आली. आधी कचहरीत, म्हणजे कोर्टाच्या आवारात, नोटरीला गाठले. लाल लाख, रेशमी फीत, तीन शिक्के. कागदाचे लग्न लावल्यासारखा थाट. तो म्हणाला, "हमने आदमी देखा, पहचान-पत्र देखा, शपथ दिलाई. वेद सुनना हमारा काम नहीं." कायद्याने त्याचे बरोबर होते.

मग तरुणाला बोलावले. त्याचे गुरू वारले होते, पाठशाळा बंद पडली होती आणि तिथे दाखला देण्याची पद्धतच नव्हती, म्हणून प्रतिज्ञापत्र. मी गुन्हा नोंदवला असता तर त्याचा व्हिसा गेलाच होता.

"दरोगाजी, मी दादांबरोबर शिकलो. त्यांना विचारा ना."

दादा म्हणजे ब्रह्माघाटावरचे, वयाने थोडे मोठे गुरुजी. त्याच नोकरीसाठी त्यांनीही अर्ज केला होता. ते आले, उपरण्याने खुर्ची झटकून बसले.

"हा? पाठशाळेत कधी पाहिला नाही. प्रसादाला येत असेल."

मी तरुणाला वेद म्हणायला लावले. घनपाठ, म्हणजे शब्द मागेपुढे फिरवून म्हटलेला वेद, दोघे समोरासमोर बसून म्हणतात. एक तुकडा याने, पुढचा त्याने. तरुणाने आपला तुकडा म्हटला आणि सवयीने थांबला. दादांनी ओठ आवळले, पंख्याकडे पाहिले. पण पुढचा तुकडा त्यांच्या तोंडून निघालाच. तरुणाने लगेच त्यापुढचा उचलला. दोघांचा श्वाससुद्धा एका जागी तुटत होता. हवालदाराने चहा खाली ठेवून हात जोडले.

"कधी पाहिला नव्हता ना?" मी विचारले.

"आवाज माझा मोठा आहे, दरोगाजी! आणि नोकरीला बोलावलं याला?"

"फोन?"

"मीच केला."

मी त्यांना समज दिली आणि त्याच नोटरीपुढे साक्षीदार म्हणून त्यांची सही करवली. तरुण गेला. चोराला आपला हात लपवता येतो. मत्सरी माणसाला आपली विद्या लपवता येत नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढे तरुणाचा फोन आला. तिकडे घनपाठ कोणी ऐकत नाही. मुख्य काम नव्या मोटारींची पूजा. दादांना बरे वाटावे म्हणून मी ते सांगितले.

दादांनी विचारले, "गाड्या कोणत्या?"