येळवशीला आवतन नसतं

पुण्याला नोकरीसाठी निघाले तो दिवस नेमका येळवशीचा होता. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं सगळं गाव रानात जेवतं. येरमाळ्याला हायवेवर एसटी थांबली आणि मला सोडायला आलेल्या अण्णांनी, माझ्या वडिलांनी, कंडक्टरलाच धरलं, "साहेब, रान हितंच हाय. भज्जी-आंबील खाऊनच जावा." गाडीतली माणसं हसायला लागली, मी लाजेनं अर्धमेली झाले. खिडकीशी येऊन अण्णा म्हणाले, "येळवशीला आवतन नसतंय, बाई. वाटंनं जाणाऱ्याला हाक मारायची."

पुण्यात गाव भेटायचं ते मोबाइलवर, जिल्ह्याच्या भल्यामोठ्या ग्रुपवर. पावसापासून लग्नाच्या स्थळांपर्यंत सगळं तिथं चालायचं. पुढं जिल्ह्याचं नाव बदललं आणि त्यावरून तिथं शिव्यांचा बाजार भरला. मी हौसेनं येळवशीचा फोटो टाकला, खाली सवयीनं जिल्ह्याचं जुनं नाव लिहिलं, तर लोकांनी माझी आई काढली. मग येरमाळ्याहून बाहेर पडलेल्या आम्ही मंडळींनी तो ग्रुप सोडून आपला छोटा ग्रुप काढला. दोघांची ओळख असल्याशिवाय आत कुणी नाही. वाढदिवस, आजारपणं, येळवशीच्या उंड्यांची कृती; अरेला कारे करणारं कुणी नाही. मोठ्या ग्रुपची आता गरजच काय, असं मी ज्याला त्याला सांगत फिरायचे.

अण्णांना विसर पडायला लागला होता. मागच्या वर्षी एका दुपारी ते गावातल्या घरातून बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. मी छोट्या ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला. सगळे धावले, कुणी रडलं, कुणी गाडी काढली. पण आम्ही सगळे पुण्यात, नाहीतर दुबईत. रस्त्यावर आमचं कुणीच नव्हतं. मोठ्या ग्रुपवर परत जाऊन फोटो टाकायला मन धजेना, अण्णांनाही शिव्या पडल्या असत्या.

तिकडं नळदुर्गच्या एका ढाबेवाल्यानं त्याच मोठ्या ग्रुपवर अण्णांचा फोटो टाकला होता. "हे आजोबा कुणाचे हायत? नाव सांगंनात. येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवाया बोलवायलेत." खाली लोक जिल्ह्याच्या नावावरून भांडत होते. फिरत फिरत तो फोटो आमच्यापर्यंत पोचला, तोवर अण्णा तिथून निघून गेले होते. "लई वाट बघितली हो, ताई," ढाबेवाला फोनवर म्हणाला. "कुणीच न्हाय आलं."

अण्णा अजून सापडले नाहीत. मी मोठ्या ग्रुपवर परत गेलेय. शिव्या आणि कर्जाच्या जाहिराती उपसत रोज एक चेहरा शोधते. छोटा ग्रुप रोज विचारतो, जेवलीस का? त्या प्रश्नाच्या जोरावरच मी उभी आहे, पण त्यानं अण्णा सापडत नाहीत.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, माझं गाव आता घरात उरलं नाही, ते त्या हायवेच्या कडेला आहे. यंदा येळवशीला तिथं उभी राहून मी दिसेल त्याला हाक मारली. एक अनोळखी म्हातारा थबकला.

"मला आवतन न्हाय, पोरी."

"येळवशीला नसतंय," मी म्हणाले आणि त्याचं ताट वाढलं.