उसना लंगडा पाय

स्वतःचं म्हणून काहीच नाही असा माणूस मी जन्मात एकच बघितला, आमच्या वरच्या खोलीचा भाडेकरू. लातूरकडचा पोरगा, ऑपरेशन करायचं शिकायला इकडे आलेला. शिकवणाऱ्या मोठ्या डॉक्टराला तो 'सर' म्हणायचा, आणि सरांचं जे जे होतं ते सगळं त्यानं उचललेलं. चालताना डावा पाय ओढायचा. माझी बायको घाबरली. "डाक्टर, पाय दुखतो का रं? तेल देऊ?" तर म्हणाला, "नाही काकी, माझा पाय चांगला आहे. गुडघा सरांचा गेलाय." आता गुडघा सरांचा गेला तर ह्यानं का लंगडावं, ते मला चौथी शिकलेल्याला कळलं नाही. त्यालाही माहीत नसावं. संगतीनं लागलेलं.

सर चहा थंड करून पितात, म्हणून हाही उकळता चहा बशीनं झाकून साय धरेपर्यंत बसायचा. जेवणाआधी कोपरापर्यंत हात धुवायचा, आणि ते छातीसमोर वर धरून, दार ढुंगणानं ढकलत आत यायचा. बायको म्हणायची, "कोनाला ओवालायला चाललास?" सर मासे खात नाहीत, म्हणून करावे गावात, खाडीच्या काठाला, आमच्या घरात राहून हा वरणभात खायचा. ते तिला फार लागलं. "तुजा सर नाय खात तर त्याला नको देऊ. तू खा." एकदा कोलंबीच्या वासानं त्याचा धीर सुटला. ताट चाटूनपुसून झाल्यावर मला हळूच विचारतो, "काका, हाताचा वास उद्यापर्यंत जाईल ना?" बोलणंसुद्धा सरांचं. स्वतःची बोली गिळून टाकलेली, आणि मीठ मागायचं तरी सुरुवात "असं बघा" नं.

पुढे बायकोच्या पोटात गाठ निघाली, आणि ह्याच्याच हॉस्पिटलात नेली. तिथं सर पहिल्यांदा दिसले. पाय ओढत आले, "असं बघा" म्हणाले, आणि ती त्या दुखण्यातही फिसकन हसली. माझ्या कानात म्हणते, "आवं, ह्यो म्हातारा आपल्या डाक्टराची नक्कल करतो."

ऑपरेशनला नेताना मात्र तिनं पोराचा हात धरला. "मला कायतरी झालं तर ह्यांना तू सांग. तुज्या तोंडानं. त्या मोठ्या डाक्टराचं ह्यांना कलायचं नाय."

तो कावराबावरा झाला. "काकी, बाहेर येऊन सरच सांगतात. तशी पद्धत आहे."

"तर मोड ती पद्धत."

ती परत आली नाही. ऑपरेशन चालू असतानाच तिचं हृदय थांबलं. दोघं बाहेर आले. सरांनी उभ्यानंच माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "असं बघा..." पुढचं माझ्या कानात शिरेना. तेवढ्यात आमचा डॉक्टर म्हणाला, "सर, मी सांगतो." सरांचं बोलणं त्यानं कधी तोडलं नव्हतं. सरळ चालत आला, दोन्ही पायांनी नीट. माझ्यासमोर फरशीवर मांडी घालून बसला, माझे गुडघे धरले आणि आपल्या गावच्या बोलीत बोलला, "काका, काकी गेली बगा. लई झटलो, पन हाताला लागली न्हाई." आणि रडला. सर रागावले नाहीत. दुखरा गुडघा सांभाळत माझ्या शेजारी बाकावर टेकले.

आता तो तिथंच सर झालाय. करंजाड्याला फ्लॅट घेतला, वरची खोली रिकामी. पाय अजून ओढतो म्हणे. मी बीपीच्या गोळ्यांना त्याच हॉस्पिटलात जातो. परवा ऑपरेशनच्या दाराबाहेर एक शिकाऊ डॉक्टरीण एका म्हातारीसमोर फरशीवर मांडी घालून बसलेली, तिचे गुडघे धरून काहीतरी सांगत होती. ती मोकळी झाल्यावर विचारलं, "पोरी, असं खाली बसायला कोणी शिकवलं?"

"शिकवलं कुणी नाही, आजोबा. आमचे सर असेच बसतात."

त्या माणसाचं स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच. तेही लोकांनी उचललं. ती पोरगी निघाली, तर डावा पाय ओढत.

मला हसू आलं. बायकोला सांगायचं म्हणून घरापर्यंत ते तसंच धरून आणलं. कुलूप काढलं तेव्हा आठवलं. मग एकट्यापुरता चहा केला, बशीनं झाकला, आणि थंड होईपर्यंत बसून राहिलो.