बोळातला अंतरपाट

आज बोळात दोन मोटारी नाकाला नाक लावून उभ्या दिसल्या आणि मला माझं लग्न आठवलं.

मुंडावळ्या बांधून मी मामांच्या अँबॅसिडरमध्ये, समोर नवरीच्या मामांची पद्मिनी आणि तिच्यात नवरी. बोळ एवढा अरुंद की दार उघडायचं तर आधी भिंतीची परवानगी काढावी लागे. मुहूर्त डोक्यावर आलेला. पण गाडी मागे घेईल तो मामा कसला!

“माझ्या गाडीत अख्खं वऱ्हाड मावतं!” आमचे मामा गरजले.

“मावतं हो, पण चढावर त्याच वऱ्हाडाला उतरून ढकलावं लागतं! माझी पेट्रोलच्या नुसत्या वासावर पळते.”

“पळते, पण आतल्याचे गुडघे कानाला लागतात!”

इंजिनं इतकी तापली की दोन्हीकडच्या घरांत चुलीवाचून भात शिजला. अखेर माझ्या शेजारी घामाने निथळणाऱ्या भटजींनी खिडकीतून डोकं काढून मंगलाष्टकं सुरू केली. गच्च्यांवरून टपांवर अक्षता पडल्या. दोन काचांच्या अंतरपाटापलीकडे ती हसत होती.

खरं तर बोळ लांब नव्हता. कुणी चार हात मागे सरकलं असतं तरी सुटलो असतो. संसाराचा बोळही तेवढाच आहे. फरक इतकाच, की इथे गाडी दरवेळी मीच मागे घेतो, आणि समोर ती तशीच हसते.