नातीची बिनब्रेकची सायकल

मैत्रिणींनो, आज सकाळी पुण्याहून नातीचा फोन आला. तिने शर्यतीची सायकल घेतली आहे, ब्रेक नसलेली. "आजी, पेडल रोखलं की थांबते गं ती." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

साठच्या दशकात मी कॉन्व्हेंटच्या सुट्टीत उमरखेडला घरी आले, तेव्हा दादाने अशीच सायकल नागपूरहून आणली होती. चाक फिरे तोवर तिचं पेडलही फिरतच राही.

आई म्हणाली, "ब्रेक लाव, नाही तं उतारावर नेऊ नको."

"कुठी लावू, आई? पुढच्या चाकाच्या चिमट्याले भोक पाडलं तं तुटून जाईन ना तो."

मग बाबांनी बैलगाडीच्या लाकडी ब्रेकसारखा उपाय काढला. लाकडाच्या तुकड्यावर जुन्या टायरचं रबर ठोकलं आणि त्याला हाताने दाबायची दांडी जोडली. दांडी दाबली की ते पुढच्या चाकावर घासे.

पहिल्याच उतारावर दादाने सवयीने पाय थांबवले. साध्या सायकलवर आम्ही सगळे तसंच करायचो. इथे फिरत्या पेडलने त्याचे पायच पेडलवरून उडवून दिले. खाली कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. त्याने दांडी दाबली, रबर जळल्याचा वास आला, आणि सायकल शेवटच्या गाडीला टेकून थांबली.

आई एवढंच म्हणाली, "चाल, जेवून घे."

हे सगळं नातीला सांगितलं. "बसवते ब्रेक, फोटो पाठवते," म्हणाली. दुपार टळली, फोटो आलेला नाही. पुन्हा फोन केला तर चिडेल का? तुम्ही काय केलं असतं?